आपत्कालीन सेवेतले कर्मचारी आणि स्वयंसेवक यांचा गौरव: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गणेश मंडळं, सोसायट्या, ग्रामपंचायती, शाळा आणि खुद्द रेस्क्यू टीममधली मंडळी यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. आधी स्थानिक सत्काराचे, मग सरकारी पुरस्कारांचे आणि शेवटी अडचणीचे, असा क्रम आहे. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसऱ्यात पुन्हा न लिहिता प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. आमच्या यादीत पोलिस आणि अग्निशमन दल आहे. आणखी कोण राहिलं?

बरेच जण राहिलेत. १०८ रुग्णवाहिकेवरचे डॉक्टर आणि पायलट (चालकाला तिथे पायलटच म्हणतात), होमगार्ड, नागरी संरक्षण दल, एनडीआरएफ आणि एसडीआरएफचे (राष्ट्रीय आणि राज्य आपत्ती प्रतिसाद दलांचे) जवान, वादळात खांबावर चढणारे लाइनमन, समुद्रकिनाऱ्यावरचे जीवरक्षक. स्वयंसेवकांमध्ये डोंगरात उतरणाऱ्या गिर्यारोहकांच्या टीम, नदीकाठचे पट्टीचे पोहणारे, आपली होडी घेऊन पुरात जाणारे कोळी बांधव, सर्पमित्र आणि प्रशिक्षण घेतलेले 'आपदा मित्र' येतात. आपदा मित्र ही राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची योजना २०१६ मध्ये ३० पूरप्रवण जिल्ह्यांत सुरू झाली आणि पुढे ३५० जिल्ह्यांतल्या एक लाख स्वयंसेवकांपर्यंत वाढवली गेली. तुमच्या जिल्ह्यात हे स्वयंसेवक असतील, तर त्यांची यादी जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कक्षात मिळते.

सगळ्यात जास्त विसरला जातो तो नियंत्रण कक्ष. ११२ किंवा १०८ वर रात्री अडीच वाजता रडणाऱ्या माणसाकडून पत्ता काढून घेणारी व्यक्ती कुठल्याच फोटोत दिसत नाही. तिचं नाव मुद्दाम विचारून घ्या.

२. पगार घेऊन काम करणाऱ्यांचा सत्कार कशाला? ते त्यांचं कामच आहे ना?

काम आहेच. पण त्या कामात काय पणाला लागतं ते पाहा. ९ मे २०१५ रोजी मुंबईत काळबादेवीच्या गोकुळ निवास इमारतीला आग लागली आणि तिथे मुंबई अग्निशमन दलाने आपल्या प्रमुखांसह चार अधिकारी गमावले. जुलै २०२३ मध्ये इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा रात्री पावसात तो डोंगर चढताना नवी मुंबईच्या एका अग्निशमन अधिकाऱ्याला हृदयविकाराचा झटका आला आणि ते वाटेतच गेले. पगाराच्या पावतीत या जोखमीचा रकाना नसतो.

दुसरं कारण अगदी व्यवहाराचं आहे. या लोकांना गावाने ओळखलं तर गाडीला वाट मिळते, हायड्रंटपुढे (आग विझवण्याच्या पाण्याच्या नळापुढे) स्कूटर लागत नाहीत आणि सोसायटीचे लोक मॉक ड्रिलला खाली उतरतात.

३. सत्कारासाठी कोणता दिवस घ्यावा?

अग्निशमन सेवा दिन १४ एप्रिल. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' या जहाजाला आग लागली. आत दारूगोळाही होता आणि कापसाच्या गाठीही. दोन प्रचंड स्फोट झाले आणि आग विझवायला गेलेले ६६ अग्निशमन जवान मृत्युमुखी पडले. त्यांच्या स्मरणार्थ देशभर हा दिवस आणि २० एप्रिलपर्यंतचा सप्ताह पाळतात.

होमगार्ड दिन ६ डिसेंबर, कारण १९४६ मध्ये याच दिवशी तेव्हाच्या मुंबई प्रांतात ही संघटना उभी राहिली. पोलिस स्मृतिदिन २१ ऑक्टोबर, आंतरराष्ट्रीय स्वयंसेवक दिन ५ डिसेंबर.

महाराष्ट्रात एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. १४ एप्रिल म्हणजे डॉ. आंबेडकर जयंती आणि ६ डिसेंबर म्हणजे महापरिनिर्वाण दिन. दोन्ही दिवशी ही माणसं बंदोबस्तात असतात. मुंबईत तर ६ डिसेंबरला होमगार्डला चैत्यभूमीवरून तुमच्या हॉलमध्ये बोलावणं शक्यच नाही. म्हणून सप्ताहातला मधला एखादा वार घ्या. स्वयंसेवकांसाठी मला मे महिन्याचा दुसरा पंधरवडा सर्वात योग्य वाटतो. पावसाळा तोंडावर असतो, त्यामुळे दिलेली वस्तू लगेच उपयोगी पडते (प्रश्न ५).

४. सरकारी किंवा महापालिकेच्या कर्मचाऱ्याला थेट आमंत्रण दिलं तर चालतं का?

थेट त्या व्यक्तीला नको. राज्य कर्मचाऱ्यांना महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ लागू असतात आणि आपल्या सन्मानार्थ होणाऱ्या जाहीर कार्यक्रमाला जाण्यासाठी किंवा मानपत्र स्वीकारण्यासाठी त्यांना पूर्वपरवानगी लागते. महापालिका-नगरपालिकांचे सेवानियमही साधारण याच धर्तीचे असतात. म्हणून पत्र विभागप्रमुखाच्या नावे द्या: मुख्य अग्निशमन अधिकारी, पोलिस निरीक्षक, होमगार्डचे जिल्हा समादेशक. पत्रात घटना, कर्मचाऱ्यांची नावं आणि काय देणार आहात ते स्पष्ट लिहा. किमान दोन आठवडे हातात ठेवा.

रोख रकमेचं पाकीट देऊ नका. तुमचा हेतू चांगला असला तरी उद्या खुलासा त्या माणसाला द्यावा लागतो. पैसे उभे राहिलेच असतील तर दलाच्या कल्याण निधीला देता येतील का, हे त्याच पत्रात विचारा.

५. शाल, श्रीफळ, सन्मानचिन्ह सोडून काय देता येईल?

स्वयंसेवकांना सरळ विचारा, "तुमच्याकडे काय कमी आहे?" उत्तर तयार असतं. नदीकाठच्या टीमला लाइफ जॅकेट, रिंग बॉय (बुडणाऱ्याकडे फेकायचं तरंगतं कडं), फेकायचा दोर हवा असतो. डोंगरातल्या टीमला हेल्मेट, हेडलॅम्प, कॅराबिनर (दोर अडकवायची धातूची कडी), घडीचं स्ट्रेचर. गिर्यारोहणाचा दोर मात्र त्यांना सोबत घेऊनच खरेदी करा. त्यावर यूआयएए किंवा सीई हे मानांकन लागतं, बाजारातला साधा नायलॉनचा दोर माणसाचं वजन तोलण्यासाठी नसतो.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळला गावकऱ्यांना बाहेर काढणारी बोट उलटली आणि अनेक जीव गेले. बोटीत जितकी माणसं तितकी लाइफ जॅकेट असली पाहिजेत, हे त्या दिवसाने शिकवलं. एका मोठ्या सत्कार समारंभाच्या हार-तुऱ्यांच्या आणि मंडपाच्या पैशात चांगली चार-पाच जॅकेट येतात.

याहून महत्त्वाचं म्हणजे विमा. स्वयंसेवक पडला, मोडला तर घर चालवायचं कोणी? टीममधल्या प्रत्येकाचा वर्षाचा अपघात विमा भरणं हा मला ठाऊक असलेला सर्वात चांगला सन्मान आहे. पॉलिसी घेताना गिर्यारोहण किंवा पाण्यातलं बचावकार्य त्यातून वगळलेलं नाही ना, एवढं लेखी विचारून घ्या. अशा कामांना वगळणाऱ्या पॉलिसी पुष्कळ असतात.

शिवाय वैद्यकीय बाजू: धनुर्वाताची लस, पुराच्या पाण्यात उतरणाऱ्यांसाठी लेप्टोस्पायरोसिसबाबत डॉक्टरांचा सल्ला, वर्षातून एकदा हृदय आणि रक्तदाब तपासणी. गावातल्या डॉक्टरांना विचारलं तर ते हे आनंदाने करतात.

६. कार्यक्रम हॉलमध्ये ठेवावा की केंद्रावर?

जमेल तिथे केंद्रावर. अग्निशमन केंद्र पाळ्यांमध्ये चालतं. हॉलमध्ये बोलावलं तर ड्युटीवरची पाळी येऊ शकत नाही, आणि आग लागली त्या रात्री नेमकी तीच पाळी गेलेली असते. केंद्रावर गेलात तर पाळी बदलण्याची वेळ साधा, म्हणजे दोन्ही तुकड्या भेटतात. गाडीसमोर मंडप घालू नका, वाहनं दारात लावू नका. मध्येच घंटा वाजली तर कार्यक्रम तिथेच थांबेल, हे पाहुण्यांना आधी सांगून ठेवा.

पाहुण्यांविषयीही एक विनंती. ज्यांचा सत्कार आहे त्यांना शेवटी पाच मिनिटं आणि पाहुण्यांना पाऊण तास, हे उलट व्हायला हवं. बॅनरवर सर्वात मोठं नाव सत्कारमूर्तीचं असावं.

७. मानपत्रात काय लिहायचं?

घडलं ते. "आपल्या अतुलनीय धैर्यास मानाचा मुजरा" हे वाक्य कोणालाही लागू पडतं, म्हणून ते कोणाचंच नसतं. तारीख, वेळ, ठिकाण, धोका काय होता, त्या व्यक्तीने नेमकं काय केलं आणि त्याचा परिणाम काय झाला, एवढं लिहा. उदाहरणार्थ: "रात्री साडेअकराला बंधाऱ्यावरून पाणी वाहत असताना दोर कमरेला बांधून तीन वेळा पलीकडे गेले आणि दोन वृद्धांसह पाच जणांना अलीकडे आणले." वाचणाऱ्याला चित्र दिसतं, आणि हाच मजकूर पुढे सरकारी शिफारशीसाठी कामी येतो (प्रश्न १०). मजकूर छापायच्या आधी सत्कारमूर्तीला वाचायला द्या. बहुतेक वेळा ते एखादं नाव जोडायला सांगतात, आणि ते नाव महत्त्वाचं असतं.

८. सामान्य नागरिकाने कोणाचा जीव वाचवला तर कोणता राष्ट्रीय पुरस्कार आहे?

जीवन रक्षा पदक. बुडणं, आग, अपघात, विजेचा धक्का, दरड, प्राण्याचा हल्ला, खाणीतली दुर्घटना अशा प्रसंगी दुसऱ्याचा जीव वाचवणाऱ्याला ते मिळतं. धोक्याच्या प्रमाणात तीन श्रेणी आहेत: सर्वोत्तम जीवन रक्षा पदक, उत्तम जीवन रक्षा पदक आणि जीवन रक्षा पदक. सोबत अनुक्रमे दोन लाख, दीड लाख आणि एक लाख रुपये दिले जातात. स्त्री, पुरुष, मूल कोणीही पात्र आहे आणि पदक मरणोत्तरही देतात. एक मर्यादा फार जणांना आडवी येते: घटना दोन वर्षांच्या आतली हवी. म्हणून शिफारस त्याच महिन्यात सुरू करा.

९. मग फायरमनला किंवा पोलिसाला जीवन रक्षा पदक मिळेल का?

कर्तव्य बजावताना जीव वाचवला असेल तर नाही. सुट्टीवर गावी गेलेल्या फायरमनने विहिरीत उडी मारून मुलाला वर काढलं, तर मिळू शकतं, कारण ते कर्तव्याबाहेरचं कृत्य आहे.

कर्तव्यावरच्या कामगिरीसाठी वेगळी पदकं आहेत. पूर्वी त्यांची नावं आणि प्रकार बरेच होते. २०२३ मध्ये केंद्राने ते चारांत आणले: राष्ट्रपती शौर्य पदक, शौर्य पदक, विशिष्ट सेवेसाठी राष्ट्रपती पदक आणि गुणवत्तापूर्ण सेवेसाठी पदक. पोलिस, अग्निशमन, होमगार्ड व नागरी संरक्षण आणि कारागृह सेवा या सगळ्यांना ही चारच. घोषणा २६ जानेवारी आणि १५ ऑगस्टच्या निमित्ताने होते. यांची शिफारस खात्याकडूनच जाते. नागरिक म्हणून तुम्ही एवढंच करू शकता, आणि ते थोडं नाही: घटनेनंतर आठवडाभरात विभागप्रमुखांना सविस्तर, सहीनिशी पत्र लिहा. ते पत्र सेवापुस्तकात नोंदवावं, अशी विनंती त्यातच करा.

१०. जीवन रक्षा पदकासाठी शिफारस कुठे करायची? कागदपत्रं कोणती?

अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयात द्या. तिथून तो राज्य शासनामार्फत केंद्रीय गृह मंत्रालयाकडे जातो. जोडायची कागदं अशी: घटनेचं वर्णन, पोलिसांचा अहवाल किंवा पंचनामा, वाचलेल्या व्यक्तीचं निवेदन, दोन-तीन प्रत्यक्षदर्शींची निवेदनं, रुग्णालयाचे कागद आणि वाचवणाऱ्याला दुखापत झाली असेल तर तिचा दाखला. वृत्तपत्राचं कात्रण जोडा, पण नुसत्या कात्रणावर प्रस्ताव उभा राहत नाही. अर्ज दिल्याची पोच घ्या आणि दर दोन महिन्यांनी चौकशी करा. फाइल हलते ती चौकशी करणाऱ्यामुळे.

११. रस्त्यावरच्या अपघातग्रस्ताला दवाखान्यात नेलं तर बक्षीस मिळतं म्हणे?

हो. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाची ही योजना २०२१ मध्ये पाच हजार रुपयांवर सुरू झाली. २०२५ मध्ये ती 'राहवीर' नावाने आली आणि रक्कम पंचवीस हजार झाली, सोबत प्रशस्तिपत्र. अट अशी, की गंभीर जखमीला 'गोल्डन अवर'मध्ये, म्हणजे इजा झाल्यापासून पहिल्या तासाच्या आत, रुग्णालयात पोहोचवलेलं असावं. गंभीर म्हणजे मोठी शस्त्रक्रिया, किमान तीन दिवस दाखल राहणं, मेंदूला किंवा मणक्याला इजा अशा स्वरूपाचं. पोलिसांकडून किंवा रुग्णालयाकडून माहिती जिल्हा समितीकडे जाते आणि समिती निर्णय घेते. सध्या लागू असलेले नियम जिल्हाधिकारी कार्यालयात किंवा आरटीओत विचारून घ्या.

खरं महत्त्व पैशापेक्षा संरक्षणाला आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १३४-अ आलं. सद्भावनेने मदत करणाऱ्यावर त्यासाठी दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही, आणि त्याला नाव-पत्ता देण्याची किंवा साक्षीदार होण्याची सक्ती करता येत नाही. "पोलिसांच्या फेऱ्यात अडकू" या भीतीने अजून लोक गाडी थांबवत नाहीत. तुमच्या सत्काराच्या कार्यक्रमात ही माहिती मोठ्याने सांगा.

१२. ज्याने मदत केली त्याला नाव जाहीर व्हायला नको आहे. तरी सत्कार करावा का?

नाही. कायद्याने दिलेला निनावी राहण्याचा हक्क आपण प्रेमाने मोडायचा नसतो. आभाराचं पत्र घरी पाठवा किंवा दोघंतिघं जाऊन भेटा. अपघातग्रस्ताचे किंवा रुग्णाचे फोटो, नाव, आजार यांबद्दलही हाच नियम. वाचलेल्या माणसाला मंचावर बोलवायचं असेल तर त्याची संमती हवी. आपल्या आयुष्यातली सर्वात वाईट रात्र माइकवर सांगायला सगळेच तयार नसतात.

१३. चौघांनी मिळून वाचवलं, पण पेपरात एकाचंच नाव आलं. आता वाद झालाय.

हा वाद जवळजवळ प्रत्येक गावात होतो. सत्कार आठ दिवस पुढे ढकला आणि चौघांना एकत्र बसवा. कोण पाण्यात उतरलं, दोर कोणी धरला, गाडी कोणी आणली, फोन कोणी केला, हे क्रमाने लिहून चौघांच्या सह्या घ्या. दोर धरणाऱ्याचं काम उडी मारणाऱ्याइतकंच मोलाचं असतं, हे बचावकार्य केलेला कोणीही सांगेल. राहवीर योजनेत एकाच जखमीला अनेकांनी वाचवलं असेल तर रक्कम त्यांच्यात सारखी वाटली जाते. जीवन रक्षा पदकासाठी मात्र प्रत्येकाचं कृत्य वेगळं मांडावं लागतं.

१४. आमची टीम गेली तेव्हा माणूस आधीच गेला होता. आम्ही फक्त मृतदेह वर काढला. याचा कसला गौरव?

हा प्रश्न स्वयंसेवकांकडून येतो आणि दर वेळी वाचताना अस्वस्थ करतो. सह्याद्रीच्या दऱ्यांत आणि आपल्या नद्यांत काम करणाऱ्या टीमच्या वाट्याला हेच काम फार येतं. शंभर-दोनशे फूट खोल दरीत उतरून, दोन दिवसांचा देह स्ट्रेचरला बांधून, पावसात वर आणणं. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा जुना पूल वाहून गेला, तेव्हा वाहनं आणि माणसं शोधण्याचं काम नदीपासून खाडीपर्यंत कित्येक दिवस चाललं. माळीण आणि तळिये इथे दरड कोसळली, तेव्हा चिखल उपसणाऱ्यांनी जिवंत माणसांपेक्षा मृतदेहच जास्त काढले.

त्या घराला काय मिळतं, ते पाहा. अंत्यसंस्कार करता येतात. मृत्यूचा दाखला मिळतो, आणि त्याशिवाय विमा, निवृत्तिवेतन, वारस नोंद, सरकारी मदत सगळं अडतं. देहच सापडला नाही तर बेपत्ता माणसाचा मृत्यू कायद्याने गृहीत धरायला साधारणपणे सात वर्षं जावी लागतात.

जीवन रक्षा पदकात हे काम बसत नाही, म्हणूनच त्याचा गौरव गावाने आणि तालुक्याने करायला हवा. पण टाळ्यांचा कार्यक्रम करू नका, ते घर दुःखात असतं. महिना-दोन महिन्यांनी पत्र, साहित्य, विमा असं काही द्या. आणि टीममधल्या पोरांना झोप लागते का, जेवण जातं का, हे विचारा. समुपदेशकाची एक बैठक घडवून आणलीत तर ती कोणत्याही सन्मानचिन्हापेक्षा त्यांच्या उपयोगी पडेल.

१५. व्यक्तीला नाही, आमच्या संस्थेला पुरस्कार मिळू शकतो का?

सुभाषचंद्र बोस आपदा प्रबंधन पुरस्कार आहे. घोषणा दरवर्षी २३ जानेवारीला, नेताजींच्या जयंतीला होते. संस्थेला ५१ लाख रुपये आणि प्रमाणपत्र, व्यक्तीला ५ लाख रुपये आणि प्रमाणपत्र. संस्थेने ही रक्कम आपत्ती व्यवस्थापनाच्या कामावरच खर्च करायची असते. नामांकन राष्ट्रीय पुरस्कार पोर्टलवर ऑनलाइन भरतात. "हे मोठ्यांसाठी असतं" असं समजून सोडून देऊ नका. २०२३ मध्ये मिझोरममधल्या लुंगलेई अग्निशमन केंद्राला हा पुरस्कार मिळाला होता. राजधानीपासून दूरच्या एका शहरातलं ते केंद्र, आणि निमित्त होतं २०२१ च्या वणव्याशी दिलेल्या झुंजीचं.

१६. शाळकरी मुलाने जीव वाचवला आहे.

जीवन रक्षा पदक मुलांनाही मिळतं. शिवाय ५ ते १८ वयोगटासाठी प्रधानमंत्री राष्ट्रीय बाल पुरस्कार आहे, त्यात शौर्य हा एक विभाग आहे. आईवडिलांची संमती आधी घ्या आणि गावभर दहा-दहा सत्कार करून मुलाची शाळा बुडवू नका.

१७. १०८ चे डॉक्टर आणि पायलट कंत्राटी आहेत. त्यांना काहीच लागू नाही का?

महाराष्ट्रात ही सेवा २०१४ मध्ये सुरू झाली. ती सेवा पुरवठादार संस्थेमार्फत चालते, त्यामुळे शासकीय कर्मचाऱ्यांसाठीच्या गुणवंत पुरस्कारांच्या यादीत ही माणसं सहसा येत नाहीत. गोव्याच्या किनाऱ्यावरच्या जीवरक्षकांचीही स्थिती अशीच, कारण तेही खासगी संस्थेमार्फत नेमलेले असतात. परवानगीचं पत्र इथे संस्थेच्या जिल्हा व्यवस्थापकाला द्या आणि प्रत जिल्हा शल्यचिकित्सकांना पाठवा. कंत्राटी माणसाला लेखी प्रशस्तिपत्राची गरज कायम कर्मचाऱ्याहून जास्त असते. पुढच्या नोकरीच्या अर्जाला तो तेच जोडतो. म्हणून त्यावर तारीख, जावक क्रमांक आणि शिक्का असू द्या.

१८. ज्यांचा बचावकार्यात मृत्यू झाला, त्यांच्या कुटुंबाचा सन्मान कसा करावा?

आधी घरी जा, मंच नंतर. पदक कोणी स्वीकारायचं हे घरच्यांना ठरवू द्या. पत्नी आणि आईवडील यांच्यात कधी कधी अवघडलेपण असतं, त्यात आपण पडू नये. लहान मुलांना मंचावर उभं करून माइकवरून प्रसंग सांगू नका. आणि मंचावरून नोकरी, घर, शिक्षणखर्च यांची घोषणा करू नका, जोपर्यंत ठराव आणि पैसे दोन्ही हातात नाहीत. पहिल्या वर्षी सगळे येतात. तिसऱ्या, पाचव्या वर्षी दार वाजवणारा लागतो, आणि सानुग्रह अनुदानाची अडकलेली फाइल पुढे सरकवायला सोबत येणाराही.

१९. लाइफ जॅकेट नसताना पुरात उडी मारणाऱ्याचा सत्कार केला, तर पोरं त्याचं अनुकरण करतील ना?

भीती खरी आहे. वाचवायला गेलेलाच बुडाला, ही बातमी दर पावसाळ्यात येते. तरीही ज्याने जीव वाचवला त्याचा गौरव कराच, मात्र त्याच कार्यक्रमात दोर फेकून कसं वाचवावं याचं प्रात्यक्षिक ठेवा आणि त्याच्या नावाने नदीघाटावर रिंग बॉय आणि दोर कायमचा टांगून ठेवा. निव्वळ रीलसाठी केलेलं धाडस असेल तर सत्कार करू नका.

२०. घटना फार जुनी आहे, आता काही होऊ शकतं का?

सरकारी पदकाची मुदत गेली असेल (प्रश्न ८), पण नोंद करण्याची मुदत कधीच जात नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात ज्यांनी हातांनी दगड उपसले, ती माणसं आता साठी-सत्तरीत आहेत. त्यांच्याकडून ऐकून लिहून घ्या, मोबाइलवर रेकॉर्ड करा. ग्रामसभेत अभिनंदनाचा ठराव मांडा. तो कार्यवृत्तात नावानिशी जातो आणि कायम राहतो. त्याची सही-शिक्क्याची प्रत त्या व्यक्तीला किंवा तिच्या घरच्यांना नेऊन द्या.